वाकड्या करंगळीचा वाघ

तीन भावांत वाढलेल्या पोरीच्या मनातलं कोणाच्या बापाले समजत नाई, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायले तयार आहे. भावांसमोर रडायचं नाई, लाजायचं नाई, आरशासमोर दोन मिनिटांच्या वर उभं राह्यचं नाई. एवढं ट्रेनिंग झाल्यावर गुप्तहेर खात्यानं मले घरी येऊन नोकरी द्यायले पाह्यजे होती. तेरा वर्षं माझ्या मनात देवराव होता अन् आमच्या घरात कुत्र्यालेही पत्ता नव्हता.

हेच वाक्य मी परवा आईसमोर म्हणली. आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणे, "कुत्र्याले माहीत होतं."

"म्हणजे?"

"दुसरं कोणी आलं की ते भुंके. देवराव आला की तुह्याकडे पाहे."

तर असं आहे. पण झालं ते सांगतेच, कारण गावात त्याच्या चार वेगवेगळ्या गोष्टी फिरून राह्यल्या अन् चारही गोष्टींत मी मूर्ख आहे. खऱ्या गोष्टीतही आहे, पण जरा कमी.

देवराव हे नाव ऐकून धोतरातला म्हातारा डोळ्यासमोर येत असन तर तुमचा दोष नाई. त्याच्या घरच्यांनी आजोबाचं नाव ठेवलं, झालं. वय अठ्ठावीस. आमच्या विक्कीच्या वर्गातला, विक्कीचा जिगरी. मले भाऊ तीन. मोठा नागसेनदादा, जो बाबा गेल्यापासून घराच्या खुर्चीवर बसतो अन् त्या खुर्चीवरून उठतच नाई. मधला विक्की, जो कुठंच बसत नाई. अन् धाकटा निकेश, ज्याले कोणी बसू देत नाई. या तिघांनी मले बहीण म्हणून वाढवलंच नाई. टीममध्ये एक गडी कमी पडे म्हणून वाढवलं. सातवीपर्यंत माझे केस न्हावी निकेशसोबत एकाच मापात कापे.

आठवीत असताना मी विकेटकीपर होती. देवराव बॉलिंगले. बॉल टेनिसचा म्हणून सांगतलं, होता कॉर्कचा. उजव्या हाताच्या करंगळीवर बसला अन् करंगळी भलत्याच दिशेले पाहू लागली. विक्की धावत आला अन् पहिला प्रश्न विचारला, "कॅच पकडली का?" निकेश म्हणे, आता कीपिंग कोण करन. देवरावनं मात्र मले सायकलच्या डांड्यावर बसवलं अन् शेजारच्या गावच्या हाडं बसवणाऱ्या बाईकडं नेलं. रस्त्यात तो सात वेळा "माफ कर" म्हणला. मी मोजले. बाईनं बोट बसवलं ते वाकडंच. तसाच देवरावही मनात बसला. दोन्ही वाकडे, पण पक्के.

त्यानंतर तेरा वर्षं मी काय केलं? काहीच नाई. भावाच्या मित्रावर मन असणं म्हणजे आपल्याच घरच्या फ्रीजमधली मिठाई असते. रोज समोर, अन् हात लावला की तिघं विचारतात, कोणी खाल्ली बे? देवराव घरी येई, पोहे खाई, मी पोह्यात शेंगदाणे जास्त टाकी अन् ते शेंगदाणे विक्की वेचून खाई. एवढंच आमचं प्रेमप्रकरण.

मग देवराव वनरक्षक झाला अन् चार वर्षं तिकडं हेमलकसाकडे गेला. दोन वर्षांआधी मंडईले, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेले, सुट्टीवर आला तेव्हा कबड्डीत त्याचं अन् विक्कीचं वाजलं. विक्की म्हणे, तुहा पाय रेषेवर पडला. देवराव म्हणे, नाई पडला. पंच होते सोमाजीभाऊ. त्यांनी चष्मा घरी ठेवला होता. त्या एका पायापायी दोघांचं बोलणं बंद. या उन्हाळ्यात देवरावची बदली आमच्याच बीटवर, म्हणजे गावाभोवतीच्या जंगलावर, झाली, तरी पाच महिन्यांत एकदाही घरी आला नाई. खाकी वर्दीत गाडीवर आमच्या दारासमोरून जाई अन् मान अशी सरळ ठेवे जशी मानेले प्लास्टर आहे.

अन् दिवाळीनंतरच्या सोमवारी शेजारच्या शकुबाईनं बातमी आणली. शकुबाईच्या बातम्या पेपरच्या दोन दिवस आधी येतात.

"मीराबाई, ऐकलं का वो? देवरावची माय येत्या रविवारी आरमोरीले पोट्टी पाहाले जाऊन राह्यली त्याच्यासाठी. पोट्टी नर्स हाये म्हणते."

आई म्हणली, "बरं हाये."

मी भिंतीकडं तोंड करून भांडे घासले. घासलेलेच भांडे परत घासले.

रविवार म्हणजे सहा दिवस. सहा दिवसांत देवराव आमच्या घरी यायले पाह्यजे होता, अन् विक्की असेपर्यंत तो पाहुणा म्हणून येणार नव्हता. डोकं लावलं. वनरक्षक कोणाच्या घरी बोलावल्याशिवाय कधी येतो? वाघ आला तर.

आता आमच्याकडं वाघ ही मस्करीची गोष्ट नाई, हे मले तुमच्यापेक्षा जास्त कळते. ब्रह्मपुरीच्या या पट्ट्यात लोकं धान कापायले जाताना पाच-सहा जण मिळून जातात अन् मोठ्यानं बोलत जातात. म्हणून मी मोठा वाघ आणायचाच नाई असं ठरवलं. एक लहानसा, जाता जाता पाणी पिऊन गेलेला वाघ. देवराव येईन, पाहीन, आमच्या घरासमोरच्या छपरीत बसून पंचनामा लिहीन, मी चहा देईन. चहाच्या कपामागून मी एकदा विचारीन, आरमोरीले जाऊन राह्यला का म्हणून. बस. वाघाचं काम तेवढंच.

वाघाचा पाय करायले आम्हाले लहानपणापासून येते. इथल्या सगळ्या पोट्ट्यांले येते. ओल्या मातीत दोन मुठी जोडून दाबल्या की तळवा, अन् वरून चार बोटांची टोकं एकदम रुतवली की झाली बोटं. विक्कीनं असे पाय करून निकेशले दोन वर्षं संडासले एकटं जाऊ दिलं नाई. मंगळवारी सकाळी उजाडता उजाडता मी शेतात गेली. आमची बोडी, म्हणजे शेताले पाणी देणारं लहानसं तळं, घराच्या मागं तीनशे पावलांवर. बोडीपासून शेताच्या कडेच्या धुऱ्यावरनं पार उभ्या धानाच्या बांधीपर्यंत मी अकरा पाय काढले. सुरेख. एक पाय तर असा जमला की मलेच भेव वाटलं. तेवढ्यात आईची हाक आली, "करिष्मा, दूध उतू जाऊन राह्यलं!" मी हात धुतले अन् पळाली.

इथंच माझ्या आयुष्याची सगळ्यात मोठी चूक झाली, पण ती मले दोन तासांनी समजली.

ठसे निकेशले दिसले. दहा मिनिटांत अर्धं गाव धुऱ्यावर. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे, म्हणून फोन करायचं काम ओघानंच माझ्याकडं आलं. तेरा वर्षांत मी देवरावले केलेला हा पहिला फोन.

"हॅलो, वनरक्षक साहेब का?"

"करिष्मा?"

"ग्रामपंचायतीतून बोलून राह्यली."

"तू तर घरून बोलून राह्यली. मागं कोंबडा ओरडून राह्यला तुमचा."

"वाघाचे पगमार्क दिसले," मी म्हणली अन् फोन ठेवला. कोंबडा ओळखला त्यानं! दिवसभराचं सुख मले तेवढ्यातच मिळालं होतं. तिथंच थांबायले पाह्यजे होतं.

देवराव आला. वाकला. पहिला ठसा पाह्यला, दुसरा पाह्यला. मग त्या सुरेख ठशाजवळ उकिडवा बसला अन् बराच वेळ बसूनच राह्यला. मग आईकडून एक घमेलं मागतलं अन् त्या एका ठशावर पालथं घातलं. बाकीच्या ठशांवरून गाव चालत होतं, त्याले काही म्हणला नाई.

"काय म्हणते वो, वाघच हाये ना?" नागसेनदादानं विचारलं. त्याच्या हातात काठी होती. विक्कीच्या हातात काठी होती. निकेशच्या हातात स्टंप होता.

देवरावनं तिघांकडं पाह्यलं. मग म्हणला, "मोजमाप करावं लागन."

तेवढ्यात सोमाजीभाऊ पुढं आले. आज चष्मा आणला होता. सोमाजीभाऊंनी तरुणपणी जंगलात तेंदूपत्ता तोडला आहे अन् तेव्हापासून गावात वाघावरचा शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी घमेलं उचललं, पाह्यलं, परत ठेवलं.

"मादी हाये," ते म्हणले. "चालीवरून समजते. लाजत लाजत चालली हाये."

मी दुसरीकडं पाह्यलं.

"पण एक सांगा," सोमाजीभाऊ धुऱ्यावरनं पुढं-मागं फिरले. "बोडीकडून बांधीत गेलेले पाय दिसून राह्यले. बांधीतून निघालेले कुठी हायेत?"

सगळे वाकून पाहू लागले.

"म्हणजे?" निकेशनं विचारलं.

"म्हणजे आतच हाये."

समोर आमचं अडीच एकर धान कमरेएवढं उभं होतं, पिवळंजर्द, अन् नेमका त्याच वेळी वारा आला अन् ते हललं. धुऱ्यावरचं अर्धं गाव एका उडीत बोडीत. विक्की सगळ्यात आधी. शकुबाईची चप्पल अजून सापडली नाई. मी एकटीच जागेवर उभी होती, कारण आत वाघ नाई हे गावात मलेच माहीत होतं. अन् दुसरं कोण हललं नाई, तर देवराव. तेव्हा मले वाटलं, केवढा शूर आहे!

आता पुढचं. मी मागितला होता एक वनरक्षक. दुपारपर्यंत वनपाल आले, संध्याकाळी मोठे साहेब आले, बुधवारी जाळी घेऊन एक गाडी आली अन् ड्रोन उडवणारा एक पोट्टा आला. ड्रोनले धानात काही दिसलं नाई. साहेब म्हणले, "म्हणजे तो दडून बसला आहे." दिसलं असतं तरी फसली असती, नाई दिसलं तरी फसली. साहेबांनी बोडीजवळच्या मोहाच्या झाडाले कॅमेरा बांधायले सांगतला. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघते तसला. तो देवरावनं बांधला. गावात भोंगा फिरला, कोणीही धान कापायले जाऊ नये, पुढील आदेशापर्यंत. आमचंच नाई, आजूबाजूच्या बावीस घरांचं.

त्याचं पत्र गावानं साहेबांच्या ऑफिसात द्यायचं होतं. ग्रामपंचायतीचं पत्र कोण टाइप करते? "सदर वाघ हा सदर शेतात दडून बसला असून," मी टाइप केलं. माझ्याच वाघाचं पत्र, माझ्याच सहीशिक्क्यानं. त्यात शब्दांची चूक निघाली म्हणून तीनदा परत आलं. एकदा तर साहेबांच्या ऑफिसातून फोन आला की अर्जदाराचं नाव लिहा. मी विचारलं, अर्जदार म्हणजे वाघ का? ते म्हणले, मस्करी करू नका ताई.

देवराव छपरीत बसून पंचनामा लिहिणार अन् मी चहा देणार, हे जे मी ठरवलं होतं, त्याचं काय झालं? भावांनी मले घरात कोंडलं. नागसेनदादा खुर्चीवरून म्हणला, "वाघ मादी असो का नर, आपली बहीण बाहेर निघणार नाई." ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर घरी आणून दिला. देवराव माझ्यापासून तीनशे पावलांवर, मचाणीवर बसून दिवसभर धानाकडं पाहून राह्यला होता, अन् मी खिडकीतून मचाणीकडं. माझ्या वाघानं देवरावले बोलावलं खरं, पण ठेवून घेतलं स्वतःजवळच.

डबा पाठवला. शेंगदाणे जास्त टाकून. डबा नेणार विक्की, कारण विक्की वाघासाठीच्या गावच्या प्रतिसाद दलात आहे, त्याले पिवळं जाकीट मिळते. मचाणीवर दोघं शेजारी बसत, पण बोलणं बंदच. निकेश खाली उभा राहून इकडचं तिकडं सांगे.

"निकेश, त्याले सांग पाणी सरकवायले."

"देवरावभाऊ, विक्कीदादा पाणी मांगून राह्यला."

"त्याले सांग, बाटली त्याच्याच मांडीवर हाये."

शेंगदाणे विक्कीनंच खाल्ले. मले निकेशनं सांगतलं.

शेजाऱ्यांचे सल्ले वेगळेच. शकुबाई म्हणली, वाघ मागून झडप घालते, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूनं मुखवटा बांधा, वाघाले वाटते माणूस आपल्याकडंच पाहून राह्यला. गोष्ट खरी आहे, जंगलात लोकं बांधतात. निकेशनं मंडईत घेतलेला जोकरचा मुखवटा मागं बांधला अन् काढायलेच तयार नाई. आईनं दोनदा त्याच्या पाठीमागं ताट ठेवलं. सोमाजीभाऊ म्हणले, मादी गाभण हाये, तीन पिल्लं देईन. गुरुवारी गावात असा हिशोब झाला होता की आमच्या बांधीत एकूण चार वाघ आहेत.

अन् गुरुवारी संध्याकाळी मोबाइलवर हवामानाचा मेसेज आला. शनिवारी अवकाळी पाऊस.

धान पिकून उभं आहे, पाऊस पडला की आडवं होईन अन् बांधीतच कोंब फुटतीन. आमचं अडीच एकर तर आहेच, शकुबाईचं एक एकर. तिच्या घरी दुसरं काहीच नाई. शकुबाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. बातमी नव्हती आणली. नुसतीच बसली, अन् शेताकडं पाहत राह्यली. आईनं चहा दिला तर म्हणली, "साखर कमी हाये वो मीराबाई," अन् कप तसाच ठेवला. शकुबाईनं चहा टाकलेला मी जन्मात पाह्यला नव्हता.

सरळ सांगून टाकावं? तोंड उघडलं होतं मी. नागसेनदादा, असं असं झालं म्हणून. पण पुढचा प्रश्न "काऊन केलं?" हा येणार होता, अन् त्याचं उत्तर मचाणीवर विक्कीशेजारी बसलं होतं. तोंड बंद केलं. मग सुचलं. वाघ आत गेला, बाहेर आला नाई, एवढीच अडचण आहे ना? तर वाघाले बाहेर काढायचं.

शुक्रवारी उजाडायच्या बेतात मी मागच्या दारानं निघाली. कुत्रं सोबत आलं. त्याच्याकडं पाहून मी तोंडावर बोट ठेवलं, तर ते भुंकलं नाई. आता समजते काऊन नाई भुंकलं. बांधीजवळ पोहोचली तर धुऱ्यावर कोणीतरी वाकलेलं. म्हटलं, वाघ आला खरा!

खाकी वर्दी होती. कोपरापर्यंत चिखल. देवराव धुऱ्यावर उकिडवा बसून दोन मुठी जोडून मातीत दाबून राह्यला होता.

आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत राह्यलो. मधी कुत्रं शेपूट हलवत.

"बोटं एकदम दाब," मी म्हणली. "एक एक दाबशीन तर कोंबडीचा पाय वाटते."

"तू शिकवू नको. तुह्या वाघाचे चारही पाय उजवेच हायेत."

"तुले माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"कसं?"

त्यानं माझा उजवा हात धरला, करंगळी वर केली अन् दाखवली. जशी पुराव्याची वस्तू आहे. "प्रत्येक ठशाचं शेवटचं बोट बाहेर पाहून राह्यलं. असं बोट पूर्ण जिल्ह्यात एकच हाये. मीच तोडलं होतं."

"मग सांगतलं काऊन नाई?"

"तुह्या तिन्ही भावांच्या हातात काय होतं ते पाह्यलं नाई का तू? अन् मले विचारायचं होतं, काऊन केलं. पण तू घरातून निघालीच नाई."

आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. तेरा वर्षांचं ट्रेनिंग कामी आलं. मी अजिबात लाजली नाई, रडली नाई. मी फक्त विचारलं, "रविवारी आरमोरीले जाऊन राह्यला म्हणे?"

तो हसला. "एवढ्यासाठी वाघ आणला बे तू?"

"लहानच आणला होता."

"तुले नाई चालत तर नाई जात."

"मले काय, जा ना," मी म्हणली. "नर्स आहे म्हणते. बोट मोडलं तर कामी येईन."

"मोडलेलं बोट हाये आपल्याकडं," देवराव म्हणला.

यावर काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून वाघाले बांधीतून काढलं. उजवे पाय माझे, डावे त्याचे. पार नाल्यापर्यंत नेऊन सोडला, जंगलाच्या दिशेनं, नीट, कोणाले शंका येऊ नये असा. मग बोडीवर हात धुतले. माझ्या नखातला चिखल निघून नाई राह्यला म्हणून त्यानं काढून दिला. त्याले जरा वेळ लागला.

"अन् कॅमेरा?" मले एकदम आठवलं.

"मी कच्चा माणूस वाटलो का तुले? कालच सेल काढले त्याचे." अन् वर्दीच्या खिशातून त्यानं मले सेल दाखवले.

आठ वाजता साहेब आले. बाहेर जाणारे ठसे पाह्यले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद झाला की जसं त्यांनीच वाघाले समजावून पाठवलं. "धान कापायले हरकत नाही," ते म्हणले. "फक्त एकदा कॅमेरा पाहून घेऊ, मग फाइल बंद."

देवराव शांत होता. मीही शांत होती. साहेबांनी त्याच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. रिकामं. मग ते म्हणले, "अन् दुसरं?"

"दुसरं काय, सर?" देवरावनं विचारलं.

"अरे, वाघाचे दोन्ही बाजूचे पट्टे यायले पाहिजेत. समोरच्या पळसाले दुसरा कॅमेरा काल दुपारी लावला ना मजुरानं. तू जेवायले गेला होता तेव्हा."

कार्ड लावायले कॉम्प्युटर पाह्यजे होता. गावात ग्रामपंचायतीचा एकच कॉम्प्युटर, अन् तो आमच्या छपरीत, भावांनीच आणून ठेवलेला. छपरीत साहेब, वनपाल, तिन्ही भाऊ, आई, शकुबाई, सोमाजीभाऊ, अन् ओट्यावर बाकीचं गाव. चालवायले ऑपरेटर पाह्यजे. ऑपरेटर मी. मीच कार्ड घातलं, मीच फोटो उघडले. सरकारी कर्तव्य म्हणतात ते हेच.

पहिल्या फोटोत रानडुक्कर. दुसऱ्यात आमचं कुत्रं. तिसऱ्यापासून देवराव. नवव्यापासून मी. हललं की फोटो काढते तो कॅमेरा, अन् आम्ही दोघं मेलं किती हललो! एकूण त्रेसष्ट फोटो. पाय काढताना सतरा, हसताना नऊ, बाकीचे सगळे हात धुतानाचे. तारीख-वेळेसकट.

छपरीत एवढी शांतता झाली की निकेशच्या डोक्यामागचा जोकरही गंभीर वाटू लागला.

सगळ्यात आधी सोमाजीभाऊ बोलले. "मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. मादी हाये म्हणून."

नागसेनदादा खुर्चीवरून उठला. निकाल द्यायच्या वेळी, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, गेला देवराव. पण दादा म्हणला, "शकुबाई, तुमचं धान आधी. चला सगळे, इळे घ्या." अन् माझ्याकडं वळून म्हणला, "तू सगळ्यात पुढं."

त्या दिवशी मी शकुबाईचं एक एकर कापायले लागली ते अंधार पडेपर्यंत कमर सरळ केली नाई. माझ्यासोबत तिन्ही भाऊ, अन् वर्दी काढून बनियनवर देवराव. शकुबाई धुऱ्यावर बसून मोठ्यानं सगळ्यांले सांगून राह्यली होती, की या पोट्टीचं देवराववर मन आहे हे तिले दोन वर्षांपासून माहीत होतं. मग बावीस घरांनी मिळून शनिवारी दुपारपर्यंत एकमेकांच्या बांध्या उरकल्या. पाऊस चार वाजता आला. आमचीच अर्धी बांधी भिजली. बरोबरच झालं.

विक्की मात्र दोन दिवस कोणाशी बोलला नाई. तिसऱ्या दिवशी देवराव आपल्या मायले घेऊन आमच्या घरी आला. आरमोरीले ती गेलीच नव्हती. पोहे झाले. सगळे विक्कीकडं पाहून राह्यले.

विक्की म्हणला, "निकेश, त्याले विचार. रेषेवर पाय पडला होता का नाई?"

देवरावनं माझ्याकडं पाह्यलं. मग जमिनीकडं पाह्यलं. मग म्हणला, "पडला होता."

विक्की उठला अन् त्याच्या गळ्यात पडून रडला. दोन वर्षांचं सगळं रडला. माझं लग्न ठरलं हे त्याच्या लक्षातही नव्हतं. आई पदरानं डोळे पुसत होती, अन् खिडकीजवळ देवराव माझ्या कानात म्हणला, "नव्हता पडला."

लग्न बुद्धविहारात झालं, थोडक्यात. देवरावले ऑफिसातून कारणे दाखवा नोटीस आली होती, की सदर दिवशी कर्तव्यावर असताना आपण सदर बोडीवर कोणाचा हात किती वेळ अन् कोणत्या कारणानं धुत होता, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा. खुलासा विक्कीनं लिहिला, मी टाइप केला, अन् सोबत पुरावा म्हणून लग्नाची पत्रिका जोडली. ऑफिसानं खुलासा मान्य केला अन् देवरावची बदली परत जंगलात आत केली. मी आता पंधरा दिवस तिकडं, पंधरा दिवस इकडं असते.

मागच्या मंगळवारी मी इकडं होती. सकाळी आमच्या बोडीवर वाघ पाणी पिऊन गेला. आत जाणारे पाय होते, बाहेर निघणारेही होते, उजवे-डावे बरोबर होते. मी वनखात्याच्या ऑफिसात फोन केला. तिकडून विचारलं, "करंगळी वाकडी आहे की सरळ?" मी जाऊन पाह्यलं अन् सांगतलं, सरळ आहे. ते म्हणले, "ताई, आता तर लग्न झालं ना तुमचं?" अन् फोन ठेवला.

दुपारी शकुबाईची बकरी गेली.